महाविद्यालयातील शैक्षणिक मदत वेळेवर कशी मिळवावी

प्रवेशाच्या वेळी हाती पडलेली माहितीपुस्तिका बहुतेक विद्यार्थी शुल्काचे पान पाहून बाजूला ठेवतात. तिच्या शेवटच्या पानांवर उपचारात्मक वर्ग, पुस्तकपेढी, मार्गदर्शक शिक्षक योजना, कमवा आणि शिका, रोजगार कक्ष, समान संधी केंद्र अशी नावे छापलेली असतात आणि ती पुढे सत्रभर कोणाच्या तोंडी येत नाहीत. यांपैकी बऱ्याच सोयी अर्ज केल्यावरच मिळतात, त्या अर्जांची मुदत वर्ग सुरू झाल्यापासूनच्या पहिल्या काही आठवड्यांत संपते आणि त्यांची गरज मात्र परीक्षा तोंडावर आल्यावर जाणवते. अनेक वर्षे प्रथम वर्षाच्या मुलामुलींना शिकवताना मी पाहिले आहे की हुशारी असूनही मागे पडणारे विद्यार्थी बहुधा या एका कारणाने मागे पडतात. म्हणून पुस्तिकेतील ही पाने पहिल्याच आठवड्यात वाचावीत, प्रत्येक सोयीपुढे तिची जबाबदारी असलेल्या शिक्षकाचे नाव कार्यालयातून विचारून लिहावे आणि अर्जाची तारीख वहीच्या पहिल्या पानावर टिपून ठेवावी.

सुरुवात मार्गदर्शक शिक्षकापासून करावी. महाविद्यालयांचा दर्जा तपासणाऱ्या नॅक या संस्थेच्या मूल्यांकनात ही व्यवस्था पाहिली जात असल्याने बहुतेक महाविद्यालयांत विद्यार्थ्यांचे गट पाडून प्रत्येक गट एका शिक्षकाकडे सोपवलेला असतो आणि त्याची यादी सूचनाफलकावर लागते. यादीत आपले नाव शोधून त्या सरांना किंवा मॅडमना एकदा मुद्दाम भेटावे. या पहिल्या भेटीसाठी अडचण असण्याची गरज नाही. आपण कोठून आलो, बारावीपर्यंतचे शिक्षण कोणत्या माध्यमातून झाले, रोज प्रवासात किती वेळ जातो, घरी अभ्यासाला जागा आहे का, एवढे सांगितले तरी पुढे हजेरी, सबमिशन किंवा शिष्यवृत्तीचा प्रश्न निर्माण झाल्यावर ते शिक्षक आपल्याला ओळखत असतात.

मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यांच्या अडचणीविषयी थोडे सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते. विज्ञान, वाणिज्य किंवा संगणकशास्त्राच्या वर्गात पहिल्या महिन्यात त्यांना विषय अवघड वाटतो, परंतु अनेकदा विषय ओळखीचाच असतो आणि फक्त त्याचे नाव नवे असते. डेप्रिसिएशन म्हणजे घसारा, वर्किंग कॅपिटल म्हणजे खेळते भांडवल, इलॅस्टिसिटी ऑफ डिमांड म्हणजे मागणीची लवचिकता, ऑस्मॉसिस म्हणजे परासरण, हे कळताच शाळेत किंवा कनिष्ठ महाविद्यालयात शिकलेला अख्खा धडा डोळ्यांसमोर उभा राहतो. त्यासाठी प्रत्येक विषयाच्या वहीची शेवटची दहा-बारा पाने राखून ठेवावीत, प्रत्येक पानाचे तीन रकाने करावेत आणि तासाला कानावर आलेली इंग्रजी संज्ञा, तिचा मराठी पर्याय व स्वतःच्या शब्दांतील एका ओळीचे स्पष्टीकरण त्यांत लिहावे. मराठी पर्याय शोधण्यासाठी राज्य शासनाच्या भाषा संचालनालयाने तयार केलेले विषयवार परिभाषा कोश आणि मराठी विश्वकोश ही दोन्ही साधने इंटरनेटवर विनामूल्य उपलब्ध आहेत. रोज पाच संज्ञा लिहिल्या तरी सत्राच्या मध्यापर्यंत पाठ्यपुस्तक वाचण्याचा वेग स्पष्टपणे वाढतो. याच काळात, आपल्या विद्यापीठात त्या विषयाची उत्तरपत्रिका मराठीत लिहिण्याची मुभा आहे का, हेही विचारून घ्यावे. कला आणि वाणिज्य शाखेच्या अनेक विषयांत ती असते आणि माध्यमाचा निर्णय परीक्षेच्या अर्जापूर्वीच करणे हिताचे असते.

उपचारात्मक वर्गाला मुले रेमेडिअल म्हणतात आणि तेथे जाण्यास संकोचतात, कारण तो नापासांचा वर्ग आहे असा समज रूढ आहे. प्रत्यक्षात महाविद्यालयीन शिक्षणात दहा-पंधरा विद्यार्थ्यांसमोर शिक्षक फळा घेऊन उभे राहण्याची ही दुर्मीळ जागा आहे, कारण नियमित तासाला समोर शंभराच्या आसपास मुले असू शकतात. या वर्गाचा उपयोग करून घेण्याची एक रीत आहे. "काही समजत नाही" असे सांगितल्यास शिक्षकांना संपूर्ण प्रकरण पुन्हा शिकवण्यावाचून दुसरा मार्ग उरत नाही. त्याऐवजी आदल्या रात्री मागील प्रश्नपत्रिकेतील एक प्रश्न घड्याळ लावून सोडवावा, जेथे अडले तेथे पेन्सिलने खूण करावी आणि तो कागद घेऊन जावे. गणिताच्या विद्यार्थ्याने चुकलेली पायरी खोडून टाकू नये, कारण शिक्षकांना नेमकी तीच पाहायची असते. भाषा किंवा सामाजिक शास्त्राच्या विद्यार्थ्याने प्रश्नातील क्रियापदाचा अर्थही विचारून घ्यावा. 'व्याख्या द्या', 'स्पष्ट करा', 'तुलना करा' आणि 'चिकित्सक परीक्षण करा' या चार सूचनांना चार वेगळ्या घडणीची उत्तरे लागतात. पाठ केलेले एकच उत्तर सगळीकडे लिहिल्याने गुण जातात, ही गोष्ट मी उत्तरपत्रिका तपासताना दर सत्रात पाहिली.

ग्रंथालयात दोन कामे पहिल्या पंधरवड्यात करावीत. पहिले काम पुस्तकपेढीचा अर्ज. या योजनेत पाठ्यपुस्तकांचा संच संपूर्ण सत्रासाठी किंवा वर्षासाठी घरी नेता येतो, मात्र संच मोजके असतात. दुसरे काम एन-लिस्टचे खाते. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या या सेवेचे महाविद्यालय सभासद असल्यास हजारो संशोधनपत्रिका आणि लाखो ई-पुस्तके विद्यार्थ्याला घरबसल्या वाचता येतात. खाते ग्रंथपालच उघडून देतात, त्यामुळे त्यांच्याकडे आपला ईमेल पत्ता देऊन मागणी नोंदवावी. महाविद्यालय सभासद नसेल तर आयआयटी खरगपूरने विकसित केलेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय कोणालाही विनामूल्य वापरता येते.

शिक्षणाचा खर्च भागवण्याची चिंता असेल तर कमवा आणि शिका योजनेचा विचार करावा. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेत रुजलेली ही कल्पना आज सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठासह इतरत्रही राबवली जाते. विद्यार्थी तासांच्या हिशेबाने महाविद्यालयातच काम करतो आणि त्याला मानधन मिळते. निवडीस वाव असल्यास ग्रंथालयातील किंवा प्रयोगशाळेतील काम मागावे, असे माझे मत आहे. तेथे पुस्तकांचा, उपकरणांचा आणि शिक्षकांचा रोजचा सहवास घडतो.

कौशल्य अभ्यासक्रमांची निवड नव्या शैक्षणिक धोरणामुळे अधिक जबाबदारीची झाली आहे. महाराष्ट्रातील विद्यापीठांत पदवीच्या प्रत्येक सत्रात साधारणपणे २० ते २२ श्रेयांक असतात, ज्यांना मुले क्रेडिट म्हणतात. त्यांतील काही श्रेयांक व्यावसायिक कौशल्य, कौशल्यवर्धन आणि भाषिक क्षमता या गटांसाठी राखलेले आहेत. सिद्धान्ताच्या एका श्रेयांकाला १५ तास आणि प्रात्यक्षिकाच्या एका श्रेयांकाला ३० तास, हा हिशेब ध्यानात ठेवला म्हणजे दोन श्रेयांकांच्या प्रात्यक्षिक अभ्यासक्रमात ६० तास हाताने काम करायला मिळाले पाहिजे, हे उमजते आणि तसे होत नसेल तर विभागप्रमुखांकडे विचारणा करता येते. मित्राने घेतला म्हणून अभ्यासक्रम न घेता, मुख्य विषयाला ज्याचा आधार होईल तो निवडावा. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला स्प्रेडशीट आणि प्राथमिक संख्याशास्त्र, इतिहासाच्या विद्यार्थ्याला मोडी लिपी, रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला प्रयोगशाळेतील सुरक्षितता व अहवाललेखन हे अभ्यासक्रम दीर्घकाळ उपयोगी पडतात.

महाविद्यालयात हवा तो अभ्यासक्रम नसेल तर स्वयम् हे केंद्र शासनाचे संकेतस्थळ पाहावे. २०१७ मध्ये सुरू झालेल्या या व्यवस्थेत जानेवारी आणि जुलै अशी दोन सत्रे असतात, शिकणे विनामूल्य असते आणि केंद्रावर जाऊन द्यायच्या परीक्षेसाठी शुल्क भरावे लागते. त्यातील एनपीटीईएल या आयआयटींच्या उपक्रमाच्या अभ्यासक्रमांत साप्ताहिक गृहपाठाला २५ आणि परीक्षेला ७५ गुणांचे वजन असून प्रमाणपत्रासाठी अनुक्रमे किमान १० आणि ३० गुण मिळवावे लागतात. त्यामुळे गृहपाठ चुकवून केवळ परीक्षेवर भिस्त ठेवणाऱ्याचे प्रमाणपत्र हुकते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या विनियमांनुसार एखाद्या सत्रातील ४० टक्क्यांपर्यंतचे श्रेयांक स्वयम्‌मधून घेता येतात, परंतु अमुक अभ्यासक्रम आपल्या पदवीसाठी ग्राह्य धरला जाईल का, हे नोंदणीपूर्वीच महाविद्यालयाकडून लेखी घ्यावे. हे श्रेयांक जमा होण्यासाठी अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये आपले खाते असावे लागते. त्यातील नाव आधार आणि गुणपत्रिकेवरील नावाशी अक्षरशः जुळते का, हे डिजिलॉकरमध्ये पडताळून पाहावे. संगणकाची गोडी असून इंग्रजीची भीती वाटत असेल त्यांनी आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पातील मराठी ध्वनिचित्रफिती वापराव्यात. सुमारे दहा मिनिटांचा एकेक पाठ अर्ध्या पडद्यावर चालू ठेवून उरलेल्या अर्ध्या पडद्यावर तीच कृती स्वतः करत जायची, अशी ही शिकण्याची पद्धत आहे.

दिव्यांग विद्यार्थ्यांनी समान संधी केंद्रात किंवा परीक्षा विभागात सत्राच्या सुरुवातीलाच अर्ज द्यावा. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचाही समावेश आहे. ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या आणि लेखनात अडचण येणाऱ्या विद्यार्थ्याला लेखनिक, तसेच दर तासामागे किमान २० मिनिटांचा वाढीव वेळ मिळण्याची तरतूद केंद्र शासनाच्या मार्गदर्शक सूचनांत आहे. लेखनिकाबरोबर दोन-तीन सराव उत्तरपत्रिका लिहून घेतल्याशिवाय परीक्षेला बसू नये, कारण मनातले उत्तर सलगपणे सांगणे हीसुद्धा सरावाने येणारी गोष्ट आहे. झोप उडाली असेल, वर्गात पाऊल टाकणे नकोसे झाले असेल, तर महाविद्यालयातील समुपदेशकांना भेटावे. ते उपलब्ध नसल्यास टेली-मानसच्या १४४१६ या शासकीय क्रमांकावर कोणत्याही वेळी मराठीतून बोलता येते.

निकालात एखाद्या विषयात एटीकेटी लागली, म्हणजे तो विषय राहून पुढे जावे लागले, तर पुनर्मूल्यांकनाचा अर्ज भरण्याची घाई करण्यापूर्वी उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवावी. तिची मुदत निकालानंतर थोड्याच दिवसांत संपते, म्हणून निकालाच्या दिवशीच परीक्षा विभागाचे परिपत्रक पाहावे. छायाप्रत हाती आल्यावर ती घेऊन विषयशिक्षकांकडे जावे, प्रत्येक प्रश्नाला मिळालेले गुण आणि गेलेले गुण यांचा तक्ता त्यांच्यासमोर बसून तयार करावा आणि बेरीज चुकली आहे, एखादे उत्तर तपासायचे राहिले आहे की उत्तरच अपुरे आहे, हे ठरवून मगच पुनर्मूल्यांकनाचे पैसे भरावेत. उत्तर अपुरे असेल तर तोच तक्ता पुढील सत्राच्या उपचारात्मक वर्गात पहिल्या दिवशी सोबत न्यावा.