नाव आधी हाक मारून बघा

मुलीसाठी नाजूक, रोमँटिक नाव हवं असेल तर रात्र, चांदणं आणि फुलं यांत भरपूर सापडतील: कौमुदी, शर्वरी, सायली, निशिगंधा. पण आत्याने बाळाच्या कानात कुर्रर्र करण्याआधी ते नाव स्वयंपाकघरातून गॅलरीपर्यंत दहादा मोठ्याने हाकारून बघा, आडनावासकटही. ज्योत्स्ना कागदावर देखणं दिसतं, पण हाकेत त्याचं ‘जोसना’ होतं. निशिगंधाची ‘निशी’ होणारच, ती आवडते का? इंटरनेटवरचे अर्थ मात्र शब्दकोशात ताडून घ्या, कारण नेटवर कशालाही ‘देवीचं नाव’ म्हणतात. बारशापर्यंत ठरलं नाही तरी घाई नको: जन्मनोंदणीत नाव 12 महिन्यांपर्यंत विनाशुल्क घालता येतं. इंग्रजी स्पेलिंग मात्र तेव्हाच पक्कं करा.