बॅटल मॅप पुन्हा पुन्हा वापरायचाय? मग या चुका टाळा

मे महिन्यातली दुपार. छपरीत चटई, मधोमध बॅटल मॅप, म्हणजे पात्रं होऊन खेळायच्या खेळातली लढाई ज्यावर मांडतात तो चौकोनांचा नकाशा, आणि त्याच्याकडे तोंड केलेला कूलर. पांदणीवर दरोडेखोरांनी बैलगाडी अडवली होती, डाव ऐन रंगात होता, आणि निळ्या मार्करने काढलेला नाला फुगत फुगत शेजारच्या चार चौकोनांत शिरला. कूलरचे तुषार नकाशावर पडत होते, त्यात पोट्ट्यांची घामेजलेली कोपरं. नाला कुठे संपतो आणि धुरा कुठून लागतो हेच कळेना. अलीकडे कोण, पलीकडे कोण यावरून भांडण झालं आणि डाव तिथेच मोडला.

नकाशा एकदाच वापरायचा तर कागदावर पेनाने काढला तरी भागतं. पुन्हा पुन्हा वापरायच्या नकाशाला मात्र दोन थर असतात. जमीन आणि चौकोन कायमचे. भिंती, पाणी, आग, धूर त्या दिवसापुरते. हे दोन थर एकमेकांत मिसळले की नकाशा बिघडलाच म्हणून समजा.

सगळ्यात महागात पडते ती शाईची चूक. व्हाईटबोर्ड मार्कर कडक, गुळगुळीत लॅमिनेशनवर चालतो, कोरड्या फडक्याने पुसला जातो. तोच मऊ व्हिनाईलवर किंवा फ्लेक्सवर वापरला तर डाग कायमचा राहतो. तिथे पाण्याने पुसला जाणारा ओएचपी (ओव्हरहेड प्रोजेक्टरचा) मार्करच हवा. घेताना नीट बघा, कारण ओएचपी मार्कर पर्मनंटही मिळतो आणि दोन्ही पेनं दिसायला सारखीच. दुकानातच प्लास्टिकच्या तुकड्यावर रेघ ओढा, वाळू द्या, ओलं बोट फिरवा. रेघ गेली तर पेन तुमचं. सीडी मार्कर तर नकाशाच्या आसपासही ठेवू नका.

पाण्याने जाणारी शाईसुद्धा आठवडाभर तशीच राहिली तर व्हिनाईलमध्ये मुरते. आपल्याकडे पारा ४५ च्या वर गेला की फारच लवकर. त्यात लाल रंग सगळ्यात हट्टी. "पुढच्या रविवारी इथूनच सुरू करू" म्हणून नकाशा तसाच गुंडाळू नका. मोबाईलवर फोटो काढा आणि त्याच संध्याकाळी पुसा. आधी सुती ओलं फडकं, मग कोरडं. जुन्या लुगड्याचा तुकडा यासाठी सगळ्यात चांगला.

लॅमिनेशनवर चुकून पर्मनंट मार्कर चालला तर घाबरू नका. त्याच रेघेवर व्हाईटबोर्ड मार्कर गिरवा आणि लगेच पुसा. त्यातल्या द्रावकाने जुनी शाई सुटते. फ्लेक्सवर मात्र हा उपाय नको. स्पिरिट आणि थिनर तर मुळीच नको. फ्लेक्सची छपाईच बहुधा द्रावकाच्या शाईची असते. डागासोबत खालचे चौकोनही पुसले जातात. माझ्या पहिल्या नकाशाचा एक कोपरा असाच पांढरा झाला. तेव्हापासून नवं पेन आधी नकाशाच्या काठावर, चौकोनांच्या बाहेर वापरून बघते आणि एक रात्र जाऊ देते.

आता मापाचं. १९७४ साली डंजन्स अँड ड्रॅगन्स हा पात्रं होऊन खेळायचा खेळ आला. त्याच्या आजच्या नियमांत एक इंचाचा चौकोन म्हणजे खेळातले ५ फूट. पात्राचा वेग ३० फूट असेल तर एका पाळीत ६ चौकोन चाल. तालुक्याच्या ठिकाणी फ्लेक्सवाल्याकडे ३ × २ फुटांचा तुकडा छापला तर बरोबर ३६ × २४ चौकोन बसतात, म्हणजे १८० × १२० फुटांचं रान. पण त्याला फाईल पाठवून मोकळं होऊ नका. कडेला समास सोडण्यासाठी चित्र थोडं लहान केलं जातं, आणि माझे चौकोन २४ मिलिमीटरचे आले. नियम चौकोन मोजतात, इंच मोजत नाहीत, त्यामुळे खेळ अडत नाही. पण बरोबर इंचाच्या चौकोनांचा दुसरा तुकडा जोडायला गेलं की २० चौकोनांत २८ मिलिमीटरचा, म्हणजे एका चौकोनाहून जास्त फरक पडतो. पट्टी सोबत न्या, समोर उभं राहून मोजा. घरी ए४ वर छापताना प्रिंटरला "पानात बसव" हा पर्याय देऊ नका, १०० टक्केच ठेवा. पात्र कुठे उभं आहे ते दाखवायला, म्हणजे टोकन म्हणून, १० रुपयांचं नाणंही नको. ते २७ मिलिमीटरचं, इंचाच्या चौकोनाबाहेर येतं. चिंचोके बरे.

चकचकीत लॅमिनेशनवर डोक्यावरच्या एकाच बल्बची तिरीप पडते आणि अर्धा नकाशा दिसत नाही. मॅट घ्या, पण मॅटवर व्हाईटबोर्ड मार्कर नीट पुसला जात नाही, पाण्याने पुसला जाणारा मार्करच वापरा. नकाशाची घडी घालू नका. छपाईची बाजू बाहेर ठेवून गुंडाळा, म्हणजे पसरल्यावर कडा वर उठत नाहीत. वर्तमानपत्रात गुंडाळलं तर त्याची शाई उतरते. विहिरीवरच्या जुन्या रुंद पाईपचा तुकडा दोन्ही तोंडांना झाकण लावून वापरा, उंदरांपासूनही वाचतो. मात्र तो टिनाखाली ठेवू नका.

एक चूक नकाशा छापायच्या आधीच होते. हौसेने त्यावर झाडं, घरं, मंदिर, सगळं छापून घेतलं जातं. तीन डावांनंतर पोट्ट्यांना त्या मंदिरामागे कोण लपलंय ते पाठ होतं. झाडीपट्टीची नाटकं बघितलेल्यांना हे सांगावं लागू नये. जंगलाचा एक पडदा किती नाटकांना पुरतो, कारण त्यावर फक्त जंगल असतं. गोष्ट नट घेऊन येतात. जमीन मातकट आणि फिकी ठेवा, रेघा पुसट.

आणि सगळा मुलूख एका नकाशावर कोंबू नका. लोणारचं विवर सुमारे १.८ किलोमीटर रुंद आहे. या मापाने त्याचा नकाशा जवळपास ९८ फूट लांब होईल. गाविलगड खेळवायचा तर फक्त दरवाजा आणि त्यापुढची चढण घ्या, लढाई तिथेच होते.

बाकीच्या वस्तू वेगळ्या कापून ठेवा. लॅमिनेशनच्या उरलेल्या तुकड्यांतून मी २ × ३ चौकोनांची बैलगाडी केली आहे, दोन कोठे आणि २ × २ ची गोल विहीर. विहिरीच्या मागच्या बाजूला जाळ रंगवला आहे. उलटी ठेवली की होळी.