पुण्यात टर्बो गाडीचा डायनोवरचा आकडा विश्वासार्ह कसा काढावा

रीमॅपनंतर (इंजिनाच्या संगणकातली सेटिंग, म्हणजे मॅप, बदलल्यावर) डायनोवरून, म्हणजे रोलरवर गाडी पळवून पॉवर काढणाऱ्या यंत्रावरून, हातात पडणाऱ्या ग्राफवर जो सगळ्यात मोठा आकडा छापलेला असतो, तो यंत्राने थेट मोजलेला नसतो. डायनो मोजतो तो रोलरचा वेग आणि रोलरवर लागणारा जोर. साध्या इनर्शिया डायनोवर तर जोरही मोजत नाहीत, जड रोलर किती झपाट्याने वेग घेतो यावरूनच हिशोब होतो. यातून निघते ती चाकांवरची पॉवर. तिच्यात हवामानाचं करेक्शन आणि गिअरबॉक्समध्ये वाया गेलेली ताकद मिळवली की ‘इंजिनाची पॉवर’ तयार होते. ही मिळवणी कशी करायची हे संगणकावर बसलेला माणूस ठरवतो, त्यामुळे तिथे लक्ष ठेवणं तुमचं काम आहे.

बेसलाइन रन, म्हणजे रीमॅपआधीची मोजणी, मूळ मॅपवर, त्याच यंत्रावर आणि शक्यतो त्याच दिवशी घ्या. बेसलाइनशिवायच्या रीमॅपच्या ग्राफला काही किंमत नाही. ब्रोशरमधल्या 150 पीएसशी (पीएस म्हणजे साधारण हॉर्सपॉवरच) तुलना करून भागत नाही, कारण तो आकडा टेस्ट बेंचवर, इंजिनाच्या क्रँकशाफ्टवर मोजलेला असतो. दोन्ही वेळा टाकीत पेट्रोल एकाच ऑक्टेनचं हवं. आधी 91 आणि नंतर 100 ऑक्टेन असेल तर वाढीतला काही वाटा पेट्रोलचा असतो, आणि तो ट्यूनरच्या खात्यात जातो.

टायरमधली हवा आणि गाडी डायनोला बांधणाऱ्या पट्ट्यांचा ताण दोन्ही वेळा सारखाच ठेवा. पट्टे जास्त आवळले की टायर रोलरवर दबतो आणि ताकद तिथेच खर्च होते. ट्रॅक्शन कंट्रोल बंद करा.

गिअर 1:1 च्या जवळचा (ज्यात गिअरबॉक्स इंजिनाच्याच वेगाने फिरतो) निवडा आणि तो बदलू नका. ऑटोमॅटिक गाडी असेल तर मॅन्युअल मोड घ्या, पण अ‍ॅक्सिलरेटरच्या तळाचा किकडाऊनचा खटका दाबू नका, नाहीतर काही गाड्या मॅन्युअल मोडमध्येही गिअर खाली टाकतात आणि रन फुकट जातो. लोड देणारा डायनो असेल तर आरपीएम चढायला दहा सेकंदांच्या आसपास वेळ मिळेल असा लोड लावायला सांगा. हलक्या रोलरवर इंजिन इतकं भरकन वर जातं की टर्बोला बूस्ट, म्हणजे हवेचा वाढीव दाब, भरायला वेळच मिळत नाही आणि मधल्या आरपीएमचा टॉर्क कमी दिसतो.

उष्णतेकडे मात्र नीट बघा. रस्त्यावर इंटरकूलरला (टर्बोमधून आलेली तापलेली हवा गार करणाऱ्या रेडिएटरला) समोरून जेवढी हवा मिळते, तेवढी डायनोसमोरचा एक पंखा देऊ शकत नाही. ओबीडी पोर्टला (गाडीतल्या तपासणीच्या सॉकेटला) स्कॅनर लावून इनटेक एअर टेंपरेचर, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेचं तापमान, बघत राहा आणि प्रत्येक रन साधारण त्याच तापमानाला सुरू करा, दोन-तीन अंशांचा फरक चालेल. लागोपाठ रन मारले की हवा तापते, ईसीयू (इंजिनाचा संगणक) इग्निशन टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, मागे घेतो आणि पॉवर पडते. तीन रन घ्या. सर्वोत्तम रन उचलून नेऊ नका. एकमेकांशी जुळणारे रन धरा, आणि ते दोन टक्क्यांच्या आत जुळत नसतील तर आधी कारण शोधा.

आता करेक्शन फॅक्टर, म्हणजे हवामानाच्या भरपाईसाठी मोजलेल्या पॉवरला ज्याने गुणतात तो आकडा. पुण्यात सगळ्यात जास्त गडबड इथेच होते.

आपलं शहर समुद्रसपाटीपासून सुमारे 560 मीटर उंचीवर आहे, त्यामुळे हवेचा दाब 950 मिलिबारच्या आसपास असतो. एसएई जे1349 या पद्धतीत 25 अंश तापमान आणि 990 मिलिबार कोरडी हवा हे प्रमाण मानलेलं आहे. एप्रिलच्या दुपारी 35 अंश तापमान आणि थोडा दमटपणा धरला तर या सूत्राने फॅक्टर साधारण 1.09 येतो. म्हणजे 150 पीएसचे 163 होतात, गाडीला हातही न लावता. ‘एसटीडी’ या नावाने मिळणाऱ्या जुन्या पद्धतीत प्रमाण हवा आणखी थंड आणि दाट धरलेली असल्यामुळे आकडा याहूनही सुमारे चार टक्के फुगतो.

हे सूत्र नॅचरली अ‍ॅस्पिरेटेड (टर्बो नसलेल्या) इंजिनासाठी योग्य आहे. दाब कमी झाला की त्याच्या सिलिंडरमध्ये हवाच कमी जाते. आजच्या टर्बो गाडीत ईसीयू मॅनिफोल्डमधला (सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांमधला) अ‍ॅब्सोल्यूट दाब, म्हणजे बाहेरच्या हवेचा दाब धरून एकूण दाब, ठरवून ठेवतो. बाहेर हवा विरळ झाली तर वेस्टगेट (टर्बोला टाळून एक्झॉस्ट बाहेर सोडणारी झडप) थोडा अधिक बंद होतो, टर्बाइन जास्त वेगाने फिरतं आणि दाब पुन्हा जागेवर येतो. म्हणजे गाडीने उंचीची भरपाई आधीच केलेली असते. त्यावर पूर्ण नऊ टक्के चढवणं म्हणजे न झालेल्या तोट्याची भरपाई वसूल करणं.

तरी शून्य करेक्शन प्रत्येक टर्बोला लागू होत नाही. जुन्या, फक्त स्प्रिंगवर चालणाऱ्या वेस्टगेटच्या गाडीत बूस्ट बाहेरच्या दाबाच्या वर मोजला जातो. 0.8 बार बूस्टवर अशी गाडी पुण्यात साडेतीन टक्क्यांच्या आसपास गमावते. तसंच, रीमॅप करून छोटा टर्बो त्याच्या मर्यादेपर्यंत ताणलेला असेल तर विरळ हवेत तो दाब टिकवू शकत नाही, वरच्या आरपीएमला बूस्ट ढासळतो आणि तोटा खरोखर होतो. एकाच गाडीचा मूळ मॅप आणि नवा मॅप उंचीला वेगवेगळा प्रतिसाद देतात ते यामुळे. दोघांना एकच फॅक्टर लावला की तुलना बिघडते.

माझं ठाम मत: पुण्यात टर्बो गाडीचा मुख्य आकडा विनाकरेक्शन, चाकांवरचा घ्या. करेक्शन लावलेला ग्राफ हवा असेल तर तो वेगळा छापून घ्या आणि त्यावर पद्धतीचं नाव, फॅक्टर, तापमान आणि दाब दिसायलाच हवेत. तापमानाचा प्रोब कुठे ठेवलाय तेही बघा. तो रेडिएटरच्या गरम झोतात असेल आणि 35 ऐवजी 55 अंश दाखवत असेल, तर फॅक्टर चार टक्क्यांच्या आसपास आणखी वाढतो.

चाकांवरच्या आकड्यात सरसकट 15 टक्के मिळवून इंजिनाचा आकडा सांगणाऱ्यावर विसंबू नका. गिअरबॉक्स, टायर आणि पट्ट्यांप्रमाणे हा तोटा बदलतो, आणि पॉवर वाढली म्हणून तो त्याच प्रमाणात वाढत नाही. कोस्ट-डाऊन करून, म्हणजे रननंतर चाकं आपोआप मंदावू देऊन, मोजलेला तोटा बरा, पण तोही बेसलाइन आणि रीमॅप दोन्हींना सारखाच लावलेला हवा.

टॉर्कचा आकडा यंत्राला आरपीएम बरोबर मिळाल्यावरच बरोबर येतो. चाकांवरची पॉवर रोलरवरून निघते, टॉर्क मात्र आरपीएमने भागून. म्हणून रनआधी 3000 वर गाडी धरा आणि डॅशबोर्डवरचा आणि यंत्रावरचा आकडा जुळतो का बघा. स्मूदिंगची (ग्राफची रेषा गुळगुळीत करण्याची) पातळीही दोन्ही ग्राफना एकच ठेवा, नाहीतर एका ग्राफवर टोक दिसेल आणि दुसऱ्यावर ते पुसलं जाईल.

गाडीत एअरफ्लो सेन्सर असेल तर रन चालू असताना त्याचं लॉगिंग करा. पेट्रोल इंजिनाला सेकंदाला 1 ग्रॅम हवेमागे ढोबळमानाने सव्वा पीएस मिळते. लॉगमध्ये 130 ग्रॅमच्या वर हवा गेलेली नसताना ग्राफवर 200 पीएस छापले असतील, तर ते आकडे करेक्शनमधून किंवा मिळवलेल्या तोट्यातून आलेत.

निघताना व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या फोटोवर समाधान मानू नका. बेसलाइन आणि रीमॅप, दोन्हींच्या मूळ रन फाइल मागून घ्या, म्हणजे पुढे कुठलंही करेक्शन काढून किंवा लावून ते ग्राफ पुन्हा बघता येतात. पैसे देण्याआधीच हे ठरवून घ्या.