मोकळ्या पाण्यातली मस्की आणि मऊ प्लॅस्टिकचे आमिष

अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातल्या मिल लॅक्स किंवा लीच लेकसारख्या विस्तीर्ण तलावांत मस्की हा गोड्या पाण्यातला मोठा शिकारी मासा राहतो. ही मस्की नेहमी पाणवनस्पतींच्या कडेलाच दबा धरून बसलेली असते असे नाही. उन्हाळ्यात सिस्को या थंड पाण्यातील माशांचे थवे खोल जागी, पण तळापासून बरेच वर, अधांतरी फिरत असतात आणि मोठ्या मस्की त्यांच्या मागावर तेथे जातात. म्हणून आधी सोनारवर (ध्वनिलहरींनी पाण्यातील मासे दाखवणाऱ्या यंत्रावर) थवा शोधावा; खाद्यमासाच नसलेल्या पाण्यात आमिष फेकत राहिल्यास खांदे दुखण्यापलीकडे काही पदरात पडत नाही.

थवा सापडल्यावर खरा प्रश्न खोलीचा असतो. मस्कीचे डोळे डोक्याच्या वरच्या बाजूला असल्यामुळे ती खालून वर झेप घेते, खाली जाऊन क्वचितच खाते. थवा वीस फुटांवर असेल, तर आमिष बारा ते सोळा फुटांवरून जावे. त्यासाठी खोली माहीत असलेल्या जागी होडीच्या अगदी बाजूला आमिष सोडून ते तळाला टेकेपर्यंतचे सेकंद मोजावेत, म्हणजे त्याचा बुडण्याचा वेग कळतो. मात्र लांब फेकीनंतर दोर ताणलेला ठेवल्यास आमिष सरळ न बुडता होडीकडे झुलत येते आणि हिशेब चुकतो. त्यामुळे मोजणी पूर्ण होईपर्यंत दोर सैल सोडावा.

त्यानंतर काठीचे टोक पाण्याजवळ ठेवून दोन-तीन फुटांचा लांब ओढा द्यावा, काठी पुढे नेताना सैल झालेला दोर रिळावर गुंडाळावा आणि आमिषाला पुन्हा बुडू द्यावे. ओढताना ते वर चढते, थांबल्यावर शेपूट हलवत खाली येते, आणि बहुतेक हल्ले या उतरणीतच होतात. या वेळी दोर किंचितच सैल हवा. तो अचानक हलका पडला किंवा बाजूला सरकला, तर विचार करत न बसता जोरात झटका द्यावा. माझ्या मते नवशिके घाईने ओढतात, आणि आमिष नकळत पृष्ठभागाजवळ येते.

बुल डॉगसारख्या मऊ प्लॅस्टिकच्या मोठ्या आमिषांसाठी साडेआठ ते नऊ फुटांची भक्कम काठी, ८० ते १०० पौंडांचा विणलेला दोर आणि दातांपासून बचावासाठी तारेचा किंवा जाड फ्लुरोकार्बनचा (एक मजबूत प्लॅस्टिक) लीडर, म्हणजे दोर आणि आमिष यांमधला तुकडा, वापरावा. सुमारे एक पौंड वजनाचे ‘पाउंडर’ हे आमिष साध्या काठीने फेकू नये. काठी मोडू शकते, शिवाय मनगटही दुखावू शकते. होडीजवळ प्रत्येक फेकीच्या शेवटी काठीचे टोक पाण्यात खुपसून इंग्रजी आठच्या आकाराची रुंद वळणे घ्यावीत, कारण मागे आलेली मस्की खोल पाण्यात दिसतेच असे नाही.

पाणी ८० अंश फॅरनहाइटच्या आसपास गेले, तर मस्कीची मासेमारी थांबवावी. अशा पाण्यात दमलेला मासा सोडल्यावरही मरू शकतो. मोठी जाळी, लांब चोचीची पक्कड आणि गळ कापण्याची कात्री हाताशी असावी, आणि गळ काढताना मासा जाळीतच, पाण्यात ठेवावा.

वापरून झाल्यावर मऊ आमिषे वेगवेगळी टांगून ठेवावीत. कडक प्लॅस्टिकला चिकटून राहिल्यास ती विरघळू लागतात. फाटलेली शेपूट मात्र तापवलेल्या सुरीच्या पात्याने सहज जोडता येते.