जागा कमी असताना मालाची आवक कशी आखावी : कोकणातील किराणा दुकानदारांसाठी

रत्नागिरी किंवा सिंधुदुर्गातील बाजारपेठेत किराणा दुकानाचे गोदाम म्हणजे बहुधा दुकानामागची एखादी खोली असते, आणि माल मात्र घाट उतरून किंवा मुंबई-गोवा महामार्गाने लांबून यावा लागतो. त्यामुळे मागणीचा हिशेब विक्रीवरून करावा, तसाच तो जागेवरून आणि रस्त्यावरूनही करावा.

सर्वप्रथम प्रत्येक जिनसाची कमाल थप्पी ठरवावी. पावसाळ्यात जमिनीतून आणि भिंतीतून ओल येते. म्हणून पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून वीतभर अंतर सोडून रचावी लागतात आणि जुना माल आधी निघावा यासाठी मध्ये वाटही ठेवावी लागते. हे सर्व वजा करून उरलेली जागा हीच खरी क्षमता होय. पोहे-कुरमुऱ्यांसारखा हलका पण जागा अडवणारा माल याच वेळी वेगळा काढावा. तो थोडा थोडा मागवणेच शहाणपणाचे असते.

यानंतरचा हिशेब उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, तांदळाची रोज २ पोती विक्री आहे, गोदामात तांदळाला २० पोत्यांची जागा आहे आणि कोल्हापूरहून आंबा घाटाने येणारी गाडी एरवी २ दिवसांत पोहोचते, परंतु जुलैत दरड कोसळल्यास ५ दिवस लागू शकतात. मागणी केव्हा द्यायची हे गाडी सर्वांत उशिरा येईल असे धरून ठरवावे : ५ दिवसांची १० पोती आणि हाताशी राखीव ४, म्हणजे १४ पोती उरली की मागणी द्यावी. किती माल मागवायचा हे मात्र गाडी सर्वांत लवकर येईल असे धरून ठरवावे. ती दोनच दिवसांत आली तर गोदामात १० पोती शिल्लक असतील, म्हणून १० पोतीच मागवता येतील. अनेक दुकानदार दोन्हीसाठी एकच सरासरी दिवस धरतात आणि मग कधी थप्पी पडवीत भिजते, तर कधी गिऱ्हाईक परत जाते.

गाडी अर्धी रिकामी येऊ नये म्हणून एका मार्गावरचे पुरवठादार एका खेपेत जोडावेत. सांगलीची हळद आणि कोल्हापूरचा गूळ व साखर एकाच टेम्पोतून येऊ शकतात; वाशीच्या बाजारातील सुकामेवा आणि मसाल्यांची खेप वेगळी ठेवावी. वाटेत दोन-तीन दुकानांत माल उतरायचा असेल तर शेवटी उतरणारा माल आधी भरायला सांगावे. अन्यथा उतरवलेली पोती पुन्हा चढवण्याची हमाली अंगावर पडते. हंगामात आंबा घेऊन वर गेलेल्या गाड्यांना परतीचे भाडे हवेच असते, तेव्हा त्यांच्याशी आधी बोलून ठेवल्यास दर कमी पडतो. आंबा घाट बंद पडल्यास कुंभार्लीमार्गे किंवा करूळमार्गे किती अंतर आणि भाडे वाढेल, हेही मे महिन्यातच विचारून ठेवावे, कारण ऐन पावसात गाडीवाल्याशी घासाघीस करण्याची वेळ दुकानदाराची नसते.

गणपतीचा काळ वेगळाच समजावा. चाकरमानी येतात, तेव्हा गूळ, साखर, रवा, तेल आणि तांदळाच्या पिठीची मागणी एकदम वाढते आणि नेमके त्याच दिवसांत महामार्गावर अवजड वाहनांना बंदी घातली जाते. म्हणून श्रावणातच साबण, बिस्किटे यांसारख्या मालाची मागणी आटोपती घेऊन त्यांची जागा मोकळी करावी आणि सणाचा जड माल बंदीपूर्वी आणावा.

पन्नास पोती एकदम घेतल्यास भाव कमी, असे पुरवठादार सांगतो, तेव्हा लगेच होकार देऊ नये. भाव आज पक्का करून, थोडी रक्कम आगाऊ देऊन, माल तीन-चार खेपांत उचलण्याची मुभा मागावी; नेहमीच्या गिऱ्हाइकाला ती बहुधा मिळते. मिळाली नाही, तर भावातील बचत एका बाजूला आणि जादा जागेचे भाडे, दुहेरी हमाली व ओल लागून होणारी घट दुसऱ्या बाजूला मांडून पाहावे.