माणसे कमी, घरे मात्र तेवढीच: ग्रीनॉकचा अभ्यास करताना

ग्लासगोत नगरनियोजनाचे पदव्युत्तर शिक्षण घेत असताना प्रबंधासाठी मी क्लाइड नदीच्या मुखाजवळचे ग्रीनॉक हे शहर निवडले. ग्लासगो सेंट्रलहून ते आगगाडीने पाऊण तासाच्या आसपास गाठता येते, हे एक कारण. आणि तिथली लोकसंख्या घटते आहे, हे दुसरे. भारतातून आलेल्या विद्यार्थ्याला फुगणारी शहरे पाठ असतात, आकसणारे शहर वाचायला मात्र नव्याने शिकावे लागते. असा विषय हाती घेणाऱ्यांना माझ्या चुकांचा उपयोग व्हावा, म्हणून हे लिहीत आहे.

सुरुवात तारखांपासून करावी. स्कॉटलंडची जनगणना इंग्लंडपासून वेगळी असून ती नॅशनल रेकॉर्ड्स ऑफ स्कॉटलंड ही संस्था करते. इंग्लंड आणि वेल्सने २०२१ मध्ये मोजणी उरकली, तर स्कॉटलंडने कोविडमुळे ती वर्षभर पुढे ढकलली. त्यामुळे २७ मार्च २०११ आणि २० मार्च २०२२ या दोन मोजण्यांमध्ये दहा नव्हे, अकरा वर्षांचे अंतर आहे. मी सवयीने दहाने भागून वार्षिक दर काढले होते. पहिल्याच भेटीत मार्गदर्शिकेने त्या रकान्याभोवती पेन्सिलीने गोल काढला आणि काही न बोलता कागद परत दिला.

या काळात स्कॉटलंडची लोकसंख्या सुमारे २.७ टक्क्यांनी वाढून ५४ लाखांच्या पुढे गेली. तीही बाहेरून आलेल्या लोकांमुळे, कारण जन्मांपेक्षा मृत्यू सुमारे ४९,८०० अधिक होते. ग्रीनॉक ज्या इन्व्हरक्लाइड परिषदेच्या, म्हणजे स्थानिक स्वराज्य संस्थेच्या हद्दीत येते, तिथली लोकसंख्या मात्र ८१,४८५ वरून सुमारे ७८,४०० वर उतरली. जहाजबांधणीचे कारखाने गेले, १९९७ मध्ये साखर शुद्धीकरणाचा शेवटचा कारखाना बंद पडला, त्यानंतर आयबीएमचा मोठा प्रकल्पही गेला. ग्लासगोहून वीमिस बे या गावी जाणाऱ्या गाडीत बसलात, तर खिडकीतून ‘आयबीएम’ याच नावाचे स्थानक मागे पडताना दिसेल. २०१८ च्या अखेरीपासून तिथे गाडी थांबत नाही.

माणसे घटली म्हणजे घरांची गरजही घटली, असे मी प्रस्तावात ठामपणे लिहिले होते. ते चूक होते. देशभरात लोकसंख्या २.७ टक्क्यांनी वाढली, तर ‘हाउसहोल्ड’, म्हणजे एका घरात एकटे किंवा एकत्र राहणाऱ्यांचे घटक, ५.८ टक्क्यांनी वाढले; सरासरी घटक २.१९ माणसांवरून २.१२ वर आला, आणि आता सुमारे ३७ टक्के घटकांत एकच माणूस राहतो. मुले शिकायला किंवा नोकरीला गेली, जोडीदार वारला, आणि तीन खोल्यांच्या घरात आजी एकटी उरली, की माणसे कमी होतात, पण घर भरलेलेच मोजले जाते. म्हणून माणसे, हाउसहोल्ड आणि निवासस्थाने यांचे तीन स्वतंत्र तक्ते करावेत आणि एकावरून दुसऱ्याचे अनुमान काढू नये. या शब्दासाठी ‘कुटुंब’ वापरण्याचा मोहही टाळावा: भारतीय जनगणनेत सामाईक स्वयंपाकघर ही खूण असते, इथे २०११ पासून स्वयंपाकाच्या सोयीसोबत बैठकीची किंवा जेवणाची जागाही सामाईक असावी लागते, आणि नात्याचा त्यात प्रश्नच येत नाही.

मला सर्वांत महागात पडली ती घरमालकीची आकडेवारी. २००१ आणि २०११ चे तक्ते शेजारी ठेवले, तर इन्व्हरक्लाइडमधली परिषदेची भाड्याची घरे जवळजवळ नाहीशी झालेली दिसतात. मी ती सगळी भाडेकरूंनी विकत घेतली, असे समजून १९८० च्या खरेदी-हक्काच्या कायद्यावर चार पाने लिहिली. त्या कायद्याने घरे विकली गेली हे खरे, आणि स्कॉटलंडमध्ये तो हक्क २०१६ मध्ये संपला हेही खरे. पण ही घसरण मुख्यतः २००७ मध्ये परिषदेने आपली घरे रिव्हर क्लाइड होम्स या, ना-नफा तत्त्वावर घरे भाड्याने देणाऱ्या गृहनिर्माण संस्थेकडे सोपवल्यामुळे होती. भाडेकरू तेच, जिना तोच, फक्त रकाना बदलला. तेव्हापासून मी ‘परिषद’ आणि ‘गृहनिर्माण संस्था’ यांची बेरीज करूनच तुलना करते. ती चार पाने अर्थात काढून टाकावी लागली.

लहान भागांचे आकडे घेताना सीमा तपासाव्यात, कारण २०२२ साठी ‘डेटा झोन’, म्हणजे आकडेवारीसाठी पाडलेले छोटे विभाग, नव्याने आखले आहेत. शिवाय व्यक्तींची ओळख लपवण्यासाठी २०२२ च्या आकड्यांत किंचित फेरफार केलेला असतो, त्यामुळे दोन तक्त्यांतल्या बेरजा थोड्या जुळत नाहीत. माझे दोन दिवस एक्सेलमध्ये स्वतःची चूक शोधण्यात गेले. मधल्या वर्षांसाठी कौन्सिल टॅक्स या घरांवरील स्थानिक कराच्या नोंदींवर आधारलेले रिकाम्या घरांचे वार्षिक आकडे उपयोगी पडतात.

तक्ते झाल्यावर मात्र पायी फिरावे. शेजारच्या पोर्ट ग्लासगोमधला क्लून पार्क हा जहाज कामगारांसाठी बांधलेला, सुमारे ४३० सदनिकांचा परिसर अनेक वर्षे बहुतांश ओसाड राहिला आणि पुढे पाडण्यास घेतला गेला. ग्रीनॉकमध्ये एका सामाईक जिन्याच्या दाराशी मी आठ घंट्या मोजल्या. तीन नावे छापील, दोन हाताने लिहिलेली, तिघांच्या जागी नुसती रिकामी पट्टी. स्कॉटलंडच्या २०२० च्या वंचितता निर्देशांकात याच शहराचा मध्यवर्ती भाग देशातला सर्वाधिक वंचित ठरला होता, हे ठाऊक असले तरी त्या तीन पट्ट्यांवरून तर्क करू नये. तिथे कोणी राहत असेल आणि नाव लावायचे राहून गेले असेल. जाताना टोपी असलेला रेनकोट न्यावा, कारण ग्रीनॉकच्या वाऱ्यात माझी छत्री दुसऱ्याच फेरीत उलटी झाली.