पुस्तकातला फोटो शोधत बसू नका: त्वचारोग ओळखताना या चुका टाळा

बाँडवर, म्हणजे शिक्षणानंतरच्या सक्तीच्या सरकारी सेवेत आलेले नवे डॉक्टर दरवर्षी भेटतात. हुशार असतात, पण घाई फार. चट्टा दिसला की मोबाइलवर फोटो काढायचा, ग्रुपवर टाकायचा आणि पहिलं उत्तर येईल ते मलम लिहून द्यायचं. त्यातून झालेलं नुकसान पुढे माझ्या टेबलावर येतं, आणि दरवर्षी त्याच त्या चुकांमधून येतं.

पेशंट काय काम करतो हे न विचारणं

मालवणच्या बाजूला मासळी साफ करणारी एक मावशी आली. उजव्या मधल्या बोटावर जांभळट, टणक गाठ, वर पातळ खपली. मनगटाच्या वर आणखी तीन गाठी, कोपराच्या दिशेने एका ओळीत चढत गेलेल्या. दाबल्यावर फारसं दुखत नव्हतं. चार महिन्यांत तीन वेळा अँटिबायोटिक्स झाली होती. एकदा तर गळू समजून चीरही दिली, पण पू निघालाच नाही.

"मावशी, मासळीचा काटा लागला होता का?"

"काटो तर रोजच लागता डॉक्टरानू, त्याचा काय सांगूचा?"

रोजचंच म्हणून तिने कोणाला सांगितलं नव्हतं, आणि विचारलंही कोणी नव्हतं. खोदून विचारल्यावर आठवलं: गाठ उठायच्या तीनेक आठवडे आधी शिंगाळ्याचा काटा खोल गेला होता.

हे मायकोबॅक्टेरियम मरायनम. क्षयाच्या जंतूच्या गोतावळ्यातलाच, पण पाण्यात आणि माशांत राहणारा. त्याला ३० ते ३२ अंशांचा गारवा मानवतो, म्हणून तो बोटांत, हातांत रमतो आणि सहसा शरीरात खोल जात नाही. इथेच मीही चुकलो. बायॉप्सीचा तुकडा पाठवताना फॉर्मवर नुसतं 'कल्चर' (जंतू वाढवून बघा) लिहिलं. लॅबने नेहमीप्रमाणे ३७ अंशांना ठेवलं आणि रिपोर्ट कोरा आला. मग फोन केला, दुसरा तुकडा घेतला, ३० अंशांना ठेवायला सांगितला. तिसऱ्या आठवड्यात जंतू वाढले. माझी एक ओळ राहिली म्हणून मावशीला दुसऱ्यांदा सुई सोसावी लागली. पुढे पाच महिने दोन गोळ्या घेतल्या, गाठी बसल्यावरही दीड महिना चालू ठेवल्या.

तेव्हापासून मी हात बघायच्या आधी धंदा विचारतो, आणि लॅबच्या फॉर्मवर 'मासळीचं काम, ३० अंशांनाही ठेवा' असं स्वतःच्या हाताने लिहितो.

"बधिर नाही, म्हणजे कुष्ठरोग नाही"

हे वाक्य ऐकलं की मला फार वाईट वाटतं. फिकट, बधिर चट्टा हे कुष्ठरोगाचं एक रूप झालं. जंतू सगळ्यात जास्त असतात त्या प्रकारात सुरुवातीला स्पर्श शाबूत असतो. चट्टे अस्पष्ट, दोन्ही अंगांना सारखे, कधी नसतातच. चेहरा तेल लावल्यासारखा चकाकतो, भुवया बाहेरच्या टोकाकडून विरळ होतात, कानाच्या पाळ्या जाड होतात. हा जंतूही गार जागा शोधतो.

ट्रॉलरवरचा एक खलाशी वर्षभर ॲलर्जीच्या गोळ्या खात होता. कापसाचा स्पर्श सगळीकडे कळत होता, म्हणून विषय तिथेच संपवला गेला होता. बाकावर तो कुशीला वळून बसला होता, आणि खिडकीच्या उजेडात त्याच्या कानाची पाळी मला गाठाळ दिसली. पाळीचा स्मिअर, म्हणजे काचपट्टीवर घेतलेला नमुना, जंतूंनी भरलेला निघाला. डिसेंबर २००५ मध्ये देशपातळीवर 'निर्मूलन' जाहीर झालं, त्याचा अर्थ दहा हजारांत एकाहून कमी रुग्ण एवढाच होता. रोग गेला, असा नव्हे. औषधं सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात, अशा रुग्णाला १२ महिने लागतात. मी पाळ्या चिमटीत धरून बघतो, कोपरामागची नस चाचपतो. अर्धा मिनिट लागतो.

नायट्यावर 'मिक्स' मलम

पावसाळ्यात जांघेत खाज सुटली की लोक मेडिकलमधून ट्यूब आणतात. आत बुरशीच्या औषधाबरोबर क्लोबेटासॉलसारखं तीव्र स्टेरॉइड मिसळलेलं असतं. खाज दोन दिवसांत थांबते, कडा आणि खवले पुसले जातात, बुरशी मात्र पसरत राहते. मग तो नायटा नायट्यासारखा दिसतच नाही. १९६८ सालीच याला 'टिनिया इन्कॉग्निटो' हे नाव मिळालं. २०१८ मध्ये बरीच स्टेरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये, म्हणजे फक्त डॉक्टरच्या चिठ्ठीवर विकायच्या औषधांच्या यादीत घातली, तरी चिठ्ठीशिवाय ट्यूब मिळतेच. मी पेशंटला घरातल्या सगळ्या ट्यूब पिशवीत भरून आणायला सांगतो. मलम बंद करून थोडे दिवस थांबतो, मग कडेचा खरवडा केओएचच्या द्रावणात घालून सूक्ष्मदर्शकाखाली बघतो. थांबायला कोणी तयार नसतं, पण इथे दुसरा रस्ता नाही.

प्रत्येक पट्टा नागीण नसतो

पावसाळ्यात दिव्याभोवती येणारा एक बारीक किडा अंगावर चिरडला की दिवस-दोन दिवसांनी जळजळीत पट्टा उठतो. कोपराच्या घडीत समोरासमोर दोन सारखे डाग दिसले तर तो किडाच. नागीण शरीराची मधली रेघ सहसा ओलांडत नाही आणि तिच्यात आधी ठणका लागतो. खरी नागीण असेल तर गोळ्या पहिल्या ७२ तासांत सुरू व्हायला हव्यात, मंत्रात दिवस घालवू नका.

एप्रिल-मेमध्ये तोंडाभोवती किंवा बोटांवर काळपट, पोळल्यासारखे डाग आले तर आधी आंब्याचा चीक आणि काजूच्या टरफलाचं तेल आठवा. दोन्ही बिब्ब्याच्याच कुळातले.

तान्ह्या बाळाची खरूज तळहातांवर, तळपायांवर, डोक्यावरही येते. अशा वेळी आईची मनगटं बघा, तिलाही खरूज असू शकते.